एलईडी पट्टीचं शेवटचं टोक मंद का पेटतं?

पीओपीच्या खाचेतली १२ व्होल्टची पट्टी सुरुवातीला लख्ख आणि शेवटाकडे मलूल दिसत असेल, तर लगेच नवी आणायला धावू नका. पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो, त्यामुळे लांबी वाढते तसा व्होल्टेज गळतो. रंगीत पट्टीत पांढरा लावला की शेवटी लालसर झाक येते, तीही यामुळेच. मल्टिमीटर डीसीवर ठेवून दोन्ही टोकांना मोजा. अॅडॉप्टरपाशी १२ आणि शेवटी १० च्या आसपास दिसलं, तर दुसऱ्या टोकालाही त्याच अॅडॉप्टरवरून जाड वायर द्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस.

सगळी पट्टीच लुकलुकत असेल तर संशय अॅडॉप्टरवर. मीटरला ६० दिव्यांची ५०५० (म्हणजे ५ बाय ५ मिलिमीटरच्या दिव्यांची) पट्टी मीटरमागे साधारण १४.४ वॅट खाते, म्हणजे ५ मीटरला ७२ वॅट, ६ अँपिअर. दुकानदार सोबत २ अँपिअरचा अॅडॉप्टर देतो, आणि तो बिचारा गरम होऊन बंद-चालू होत राहतो. ९० ते १०० वॅटचा घ्या.

लागून असलेले तीनच दिवे गेले? १२ व्होल्टच्या पट्टीत ते बहुधा तिघांच्या ओळीने जोडलेले असतात; कात्रीच्या खुणेवर तेवढाच तुकडा कापून नवा झाळा. क्लिपवाले कनेक्टर माझ्या मते तात्पुरत्या आराशीपुरतेच बरे.

आणि पट्टी थेट २३० व्होल्टवर चालणारी असेल, तर यातलं काही करू नका, वायरमनला बोलवा.