सोलापुरात बसून कॉलेज फुटबॉलचा एक आख्खा सीझन कसा बघायचा (एलएसयू २०१९ घेऊन)

अमेरिकन फुटबॉल शिकायचं म्हटलं की लोक काय करतात, आधी नियमांचा व्हिडिओ लावतात, सगळी अवघड नावं एका दमात ऐकतात आणि मग फेब्रुवारीत डायरेक्ट सुपर बोल, म्हणजे तिकडच्या प्रो लीगची फायनल, बघायला बसतात. डोक्यावरून जातं सगळं. आमच्या पार्क स्टेडियमबाहेर चहाला उभी राहणारी, क्रिकेट-कबड्डी कोळून प्यायलेली पोरं पण "काय बे हे, दर पाच सेकंदाला थांबतंय" म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचं लई वाईट वाटतं कारण ह्याच पोरांना हा गेम सगळ्यात जास्त आवडेल.

माझी पद्धत अशी आहे. एक कॉलेज टीम घ्या, तिचा एकच गाजलेला सीझन घ्या, पहिल्या मॅचपासून शेवटच्यापर्यंत क्रमानं बघा, आणि बघताना नजर थर्ड डाऊनवर, म्हणजे तिसऱ्या चान्सवर ठेवा (चान्सचं गणित खाली सांगतो). बाकीचे नियम आपोआप कळत जातात.

टीम कुठली तर लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, सीझन २०१९. १५ पैकी १५ मॅच जिंकल्या आणि नॅशनल चॅम्पियन झाले. अजून पण टीम हरल्या नाहीत अशा आहेत, पण ही निवडायचं कारण वेगळंय, ह्या टीमवर सुरुवातीला कुणी फार मोठी बाजी लावलेली नव्हती. आदल्या वर्षी १० जिंकल्या ३ हरल्या, सीझनच्या आधी एपी रँकिंगमध्ये, म्हणजे पत्रकारांच्या मतांनी ठरणाऱ्या यादीत, सहावा नंबर. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मेन प्लेअर, जो बरो, ओहायो स्टेटमध्ये मेन जागा मिळाली नाही म्हणून २०१८ ला इकडं आलेला, आणि त्या पहिल्या वर्षी त्याचे टचडाऊन पास, म्हणजे थेट स्कोअर करून देणारे पास, होते १६. २०१९ ला तेच ६० झाले. माणूस तोच, कॉलेज तेच, मग बदललं काय, हे शोधत शोधतच सीझन बघायचा.

आता कामापुरते नियम. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एंड झोन, दोन्हीकडून ११-११ प्लेअर. १० यार्ड पुढं जायला ४ चान्स मिळतात, त्यालाच डाऊन म्हणतात, १० यार्ड झाले की परत ४ नवे. बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाऊन, त्याला ६ पॉइंट, वर किकचा १ किंवा पळून नाहीतर पासनं आत नेला तर २, किकनं बॉल खांबांमधून घातला तर फील्ड गोल, त्याला ३. चौथ्या डाऊनला बहुतेक टीम रिस्क घेत नाहीत, बॉल लांब किक मारून देऊन टाकतात, म्हणून खरा फैसला तिसऱ्याला होतो. प्रो कबड्डीत दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय असते ना, रेडर आत जाताना आख्खी बिल्डिंग श्वास धरून बसते, थर्ड डाऊन अगदी तसाच बघा. ह्याच्या पुढचा एकही नियम पाठ करू नका.

यूट्यूबवर टीमचं नाव आणि साल टाकलं की हायलाइट्स मिळतात. पहिली मॅच पटकन बघून टाका, खरं बसायचं ते दुसऱ्या मॅचला, टेक्सासच्या विरुद्ध, ऑस्टिनमध्ये, ७ सप्टेंबर. शेवटची अडीच मिनिटं उरलीत, एलएसयू ३७-३१ नं पुढं, आणि थर्ड डाऊनला पाहिजेत १७ यार्ड. इथं व्हिडिओ पॉज करा आणि स्वतः विचार करा की तुम्ही कोच असता तर काय केलं असतं. सेफ रस्ता म्हणजे बॉल घेऊन पळायचं, घड्याळ चालू ठेवायचं आणि चौथ्याला किक मारायची. पास टाकला आणि खाली पडला तर घड्याळ थांबतं, टेक्सासकडं बॉल जातो आणि एका टचडाऊन आणि किकमध्ये मॅच ३८-३७ होते. आता प्ले करा. टेक्सासची माणसं थेट बरोच्या अंगावर सोडलेली, तो अंगावर येणाऱ्यांना चुकवत जागा करून घेतो, मधे जस्टिन जेफरसनला पास, आणि जेफरसन पळतच सुटतो, ६१ यार्ड, टचडाऊन. मॅच ४५-३८ संपली. हा एक प्ले चार-पाच वेळा बघा, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाकडं बघा, एकदा फक्त लाइनमधल्या पाच जाड्या पोरांकडं बघा जे बरोसाठी अंग टाकतात आणि ज्यांचं नाव कुणी घेत नाही. मला विचाराल तर आख्खा सीझन ह्या एका निर्णयात आहे, कारण आदल्या वर्षीपर्यंतची एलएसयू जुन्या वळणाची, बॉल पळवत नेणारी टीम म्हणून ओळखली जायची.

बदल झाला तो असा. हेड कोच एड ऑर्जेरॉन यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तिशीच्या आतला कोच आणला, आणि स्टीव्ह एन्समिंगर यांच्याबरोबर त्यानं पासिंगचा खेळ बसवला. पाचच्या पाच माणसं पास घ्यायला मोकळी सोडायची, मैदान आडवं ताणायचं, म्हणजे डिफेन्सला प्रत्येकामागं माणूस द्यावा लागतो आणि कुठंतरी एक फट पडतेच. ती फट बरोला दिसायची. जमार चेसचे २० टचडाऊन, जेफरसनचे १८, दोन्ही एकाच टीममध्ये, आणि रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर वेगळाच, त्याचे पळून १,४१४ यार्ड.

बघताना एक वही ठेवा, साधी शाळेची चालते. प्रत्येक थर्ड डाऊनला दोनच गोष्टी लिहायच्या, किती यार्ड हवे होते आणि झाले का नाही. दोन-तीन मॅच लिहिल्या की तुमच्या लक्षात येईल की चांगली टीम थर्ड अँड १७ रोज काढत नसते, ती पहिल्या दोन डाऊनमध्येच एवढं काढून ठेवते की तिसऱ्याला दोन-तीन यार्डच उरतात. हे स्कोअरबोर्डवर दिसत नाही, वहीत दिसतं. म्हणून आकडेवारी बघताना पण नुसते एकूण यार्ड बघू नका, थर्ड डाऊनचा हिशोब आणि बॉल किती वेळा गमावला हे आधी बघा.

मधल्या मॅच गाळू नका, ही कळकळीची विनंती. ऑबर्नची मॅच २३-२० आहे, पॉइंटचा पाऊस नाही, पण टीम अडकली की काय करते ते तिथंच कळतं. ओले मिसला ५८-३७ नं हरवलं खरं, पण त्या मॅचमध्ये एलएसयूच्या डिफेन्सला समोरच्यांनी ४०० च्या वर यार्ड नुसते पळून काढले, आणि पुढं टेक्सास ए अँड एमला ह्याच डिफेन्सनं ७ वर रोखलं. ५०-७. ह्या दोन मॅच एकापाठोपाठ बघा.

अलाबामाची मॅच मात्र निवांत वेळ काढून बघा, शेंगा चटणी कडक भाकरी घेऊन बसा काय बी करा. अलाबामानं एलएसयूला सलग आठ वेळा हरवलेलं होतं, आदल्या वर्षी तर २९-०. अलाबामाच्याच मैदानावर हाफटाइमला एलएसयू ३३-१३ नं पुढं, मग अलाबामा परत आली, शेवटी ४६-४१. तिथं ऑर्जेरॉन यांचा चेहरा बघा.

जॉर्जिया ३७-१०, ओक्लाहोमा ६३-२८, ह्या एकतर्फी आहेत, पटकन होतात, फक्त ओक्लाहोमाच्या मॅचमध्ये बरोनं पहिल्या हाफमध्येच ७ टचडाऊन पास टाकले ते चुकवू नका. फायनल क्लेमसनबरोबर, १३ जानेवारी २०२०, न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे आपल्याकडं १४ तारखेची सकाळ, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. क्लेमसन सलग २९ मॅच जिंकून आलेली आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये १७-७ नं पुढं. हाफटाइमपर्यंत २८-१७ एलएसयू. शेवट ४२-२५.

मध्येच बरोचं हाइझमन ट्रॉफीचं, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी कॉलेज प्लेअरच्या बक्षिसाचं, भाषण पण बघा. रडत रडत त्यानं आपल्या भागातल्या उपाशी पोरांचं बोलून दाखवलं, आणि त्यानंतर तिथल्या फूड बँकेला लोकांनी लाखो डॉलर दिले.

एवढं झालं की लाइव्हला या. सीझन ऑगस्टच्या शेवटी चालू होतो, मॅच बहुतेक शनिवारी. तिकडं पूर्वेकडच्या टायमानं दुपारी १२ ची मॅच आपल्याकडं शनिवारी रात्री साडेनऊला, साडेतीनची रात्री १ ला, आणि संध्याकाळी साडेसातची रविवारी पहाटे ५ ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागं जातं, तेव्हापासून सगळ्यात एक तास वाढवा. नोकरीवाल्यांनी साडेनऊची किंवा पहाटेची धरावी, १ वाजताच्या मॅचच्या नादी लागलात तर रविवार गेला. आणि २०१९ ला प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांत, चारच टीम जायच्या, २०२४ पासून १२ जातात, त्यामुळं आता एखादी मॅच हरलेल्या टीमला लगेच सोडून देऊ नका, वहीत तिचं पान चालू ठेवा.