टीसीएल टाकली, तरी गॅस्ट्रो कसा झाला? पावसाळ्यात या चुका टाळा

गावात जुलाब-उलट्यांची साथ आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) टाकली होती का?’ उत्तर बहुधा ‘हो’ असतं आणि ते खोटंही नसतं. पावडर टाकलेली असते, रजिस्टरवर सही असते. तरी खालच्या आळीतली चार घरं सलाइनवर असतात. याचा अर्थ विहिरीपासून त्या चार घरांपर्यंत कुठेतरी क्लोरीन संपलं, किंवा पावडरमध्ये ते मुळातच नव्हतं. शोधायचं असेल तर शेवटच्या नळापासून सुरुवात करा आणि उलटं विहिरीकडे चालत जा.

ओटी टेस्ट टाकीखालीच उरकणं

ओटी म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन आहे का ते पिवळ्या रंगावरून बघायची टेस्ट. टाकीजवळच्या पहिल्या नळावर ती केली तर ती पिवळी येणारच. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असावं लागतं, साथीच्या दिवसांत ०.५ धरतात. पण हे मोजायचं शेवटच्या घरी. टाकीवर रंग आला आणि शेवटी आला नाही, तर दोष पाइपलाइनमध्ये आहे. टाकीवरही आला नाही, तर डोस कमी पडला किंवा पावडर मेलेली आहे. एवढी एक गोष्ट कळली तरी निम्मी धावपळ वाचते.

टेस्टमध्येही फसगत होते. ओटीची बाटली उन्हात राहिली की द्रावण बिघडतं. रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत बघायचा. नंतर हळूहळू गडद होणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तर क्लोरीन नसतानाही पाणी पिवळं दिसतं, आणि अशा गावाचा अहवाल वर्षभर ‘पॉझिटिव्ह’ जातो! टेस्ट केलेलं पाणी मात्र ओतून द्या. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे.

नळाचा खड्डा

पाण्याला दाब नाही म्हणून लोक नळ जमिनीखाली उतरवतात. हात-दीड हात खड्डा खणायचा, पाइप तिथेच कापायचा, तोटी लावायचीच नाही आणि आत नळी खोचायची. पाणी गेलं की नळी त्याच खड्ड्यात पडून राहते. वर धुणंभांडी चालतात, पावसाचं पाणी येऊन साचतं, कोंबड्या तिथेच चोच मारतात. आता पाइप रिकामा होतो तेव्हा आत पोकळी तयार होते आणि खड्ड्यातलं पाणी उलटं ओढलं जातं. गटारातून गेलेल्या लाइनला बारीक गळती असेल तर तिथेही हेच घडतं. कुणी थेट नळाला मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते, आणि घाण जाते शेजाऱ्याच्या हंड्यात. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत येतं ते हेच. ते पिण्यासाठी भरू नका.

माझं स्पष्ट मत आहे: वर्षभराची टीसीएल खरेदी करून जे साधत नाही, ते खड्डे बुजवून आणि प्रत्येक नळाला तोटी लावून साधतं. पण खड्डा बुजवायला गेलं की भांडण होतं आणि पावडर टाकली की कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून पावडरच टाकली जाते.

अंदाजाने ओंजळभर

हजार लिटरला पाच ग्रॅम हे टीसीएलचं नेहमीचं प्रमाण. गोल विहिरीचं गणित सोपं आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. मापं मीटरमध्ये घेतली तर उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला हजाराने गुणलं की लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर साधारण ३७,७०० लिटर, म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास पावडर. पावसाळ्यात तेच पाणी सहा मीटरवर चढलं की पावडर दुप्पट लागते. ओंजळ मात्र मे महिन्यात होती तेवढीच राहते. त्यात पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होतं. शक्य असेल तिथे आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या.

पावडर कोरडी भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. खाली चुन्याचा साका बसतो, तो टाकून द्यायचा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडा आणि वरखाली हलवा. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, कुणी पाणी उपसू नये.

आणि पावडर ठेवता कुठे? मोटरच्या खोलीत, तोंड उघड्या पोत्यात, गळत्या पत्र्याखाली. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ओल, ऊन आणि हवा लागली की ते उडत जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर निर्जंतुकीकरणाला वापरू नये. ‘वास येतोय ना’ हा पुरावा धरू नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

नळ बंद पडल्यावर लोक काय पितात?

हा प्रश्न कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी इथे कॉलऱ्याने माणसं दगावली. वीज तोडल्यामुळे नळयोजना बंद होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. योजना बंद असेल त्या दिवशी ज्या जुन्या विहिरीवर, झऱ्यावर किंवा टँकरवर गाव जातं, त्याचंही क्लोरिनेशन हवं.

शहरात हे टळतं असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेडगाव-किरकटवाडी पट्ट्यात गिलाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले आणि संशय पाण्यावर गेला. जारचं पाणी थंड असतं, म्हणून ते शुद्धच असतं असं नाही. लग्नाच्या मांडवात निळा जार दिसला की सगळे निर्धास्त होतात, तेवढं निर्धास्त होऊ नये. घरी पाणी उकळलं तरी पिंपात हात घालून पेला बुडवला की उकळण्याचा उपयोग राहत नाही. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

साथ लपवणं आणि सलाइनच्या मागे धावणं

एकाच आळीत दोन घरांत जुलाब लागले की त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. गावाचं नाव खराब होईल म्हणून चार दिवस दाबून ठेवलं तर तेवढे दिवस सगळे तेच पाणी पितात.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं असतं. चिमूटभर पावडर पेल्यात टाकून उरलेली ‘नंतरला’ ठेवली तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. वरून साखर नको, कालवल्यावर उकळणं नको, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. मूल उलटी करतंय म्हणून पाजणं बंद करू नका. दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवा. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं किंवा जुलाब तांदळाच्या पेजेसारखे पांढुरके होऊ लागले, तर मात्र घरात थांबू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओआरएस पाजत राहा.