गिअरबॉक्स बदललाय? क्लचचा स्लेव्ह सिलिंडर निवडताना या चुका टाळा

माझ्या जुन्या जीपमध्ये पाच गिअरचा बॉक्स बसवला आणि चार महिन्यांत क्लचचे तीन स्लेव्ह सिलिंडर (पेडलने ढकललेल्या ऑइलच्या दाबावर गिअरबॉक्सपाशी क्लच सोडवणारे) गेले. दर वेळी दुकानदाराचं एकच, "साहेब, ओरिजिनल घ्या." तिसरा ओरिजिनलच होता! शेवटी स्लेव्हच्या तोंडावरचा रबरी बूट मागे सारला, भावाला पेडल दाबायला बसवलं आणि खाली झोपून पाहिलं. पिस्टन सरकत सरकत पार बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) तोंडाशी आला, सीलची कड बाहेर डोकावायला लागली. माल चांगलाच होता, पण त्याला झेपेल त्याहून जास्त पळवलं जात होतं.

बोल्टची भोकं जुळली, पाइप लागला, म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा, ऑइल ढकलणारा) एका गाडीचा आणि गिअरबॉक्स दुसरीचा असेल तर आकडेमोडीला पर्याय नाही. मास्टरमधून जेवढं ऑइल निघतं तेवढंच स्लेव्हमध्ये शिरतं. माझा मास्टर पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी. पूर्ण पेडलला त्याचा पिस्टन ३० मिमी सरकतो आणि साधारण साडेआठ मिली ऑइल खाली ढकलतो. स्लेव्हही पाऊण इंचीच, त्यामुळे तोही ३० मिमी पळायचा. फोर्कला, म्हणजे क्लचचं बेअरिंग रेटणाऱ्या दांड्याला, हवे होते फक्त १५. एक इंची स्लेव्ह लावल्यावर तेवढंच ऑइल त्याला जेमतेम १७ मिमी सरकवतं. थोडं नळीच्या फुगण्यात जातं, तरी भागतं. वर पेडल हलकं झालं ते वेगळंच. पण नुसत्या हलक्या पेडलसाठी मोठा स्लेव्ह टाकू नका. मग क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र ऐकू येतं.

फोर्कला किती चाल लागते ते बॉक्स जमिनीवर आहे तोवरच मोजून घ्या. फोर्कच्या टेकूपासून पुशरॉडपर्यंतचं (पिस्टन ज्या दांडीने फोर्क ढकलतो ती) अंतर भागिले टेकूपासून बेअरिंगपर्यंतचं अंतर, आणि त्याला गुणा प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणारी) लागणाऱ्या चालीने.

पुशरॉडची लांबी हा दुसरा सापळा. नव्या क्लच प्लेटवर, पेडल सोडलेलं असताना, पिस्टन पार आत टेकलेला नको. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे येतात आणि फोर्क पिस्टनला आणखी आत ढकलतो. तिथे जागा शिल्लक नसेल तर काही हजार किलोमीटरनंतर क्लच घसरू लागतो आणि आपण विनाकारण प्लेटला शिव्या घालतो.

गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसणारा स्लेव्ह दिसायला सुटसुटीत असतो. पण एक सील गळलं की अख्खा बॉक्स खाली उतरवा. फोर्कची सोय असेल तर मी डोळे मिटून बाहेरचा घेईन, दोन बोल्ट काढले की हातात येतो. आतला घेण्यावाचून इलाज नसेल तर नवाच घ्या, आणि बॉक्स इंजिनाला जोडण्याआधी कोणालाही पेडल दाबू देऊ नका. अडवायला काही नसतं, पिस्टन थेट बाहेर पडतो.

एअर काढून काढून थकलात, तरी पेडल स्पंजसारखंच? निपल (हवा सोडायचा स्क्रू) कुठे आहे ते बघा. अदलाबदलीत स्लेव्ह उलटा बसतो, निपल खाली जातं आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते. बोल्ट सोडा, निपल वर येईल असा सिलिंडर धरा, पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून दाबून ठेवा आणि मग एअर काढा. ड्रम ब्रेकचा मास्टर क्लचला वापरला असेल तर त्यात दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह नाही ना, तेही तपासा. असला तर बेअरिंग सतत बोटांवर रेटलेलं राहतं.

सील पेट्रोलने धुण्याची आपल्याकडची सवय तर सोडाच. ब्रेक ऑइलवर चालणारं रबर पेट्रोल-डिझेलने फुगतं. धुवायला ब्रेक ऑइलच घ्या, तेही बंद डब्यातलं. डॉट ३ काय, डॉट ४ काय, दोन्ही हवेतली ओल शोषतात. गेल्या पावसाळ्यापासून अर्धवट उघडा पडलेला डबा स्लेव्हमध्ये ओतलात तर लोखंडी बोअरला आतून गंज चढतो. खड्डे पडलेल्या बोअरला घासून सीलचं नवीन किट टाकण्यात पैसे घालू नका, खड्डा नवं सीलही फाडतो.

सगळं बसवून झालं की आठवड्याने बूट पुन्हा मागे सारा आणि आत बोट फिरवा. बोट ओलं निघालं तर पट्टी घेऊन पिस्टनची चाल पुन्हा मोजा, दुकानात नंतर जा.