गाडी ऑइल पितेय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा
आधी खरंच किती ऑइल जातंय ते मोजा, अंदाजावर जाऊ नका. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून लेव्हल बघा, तिच्यावरच्या मॅक्स खुणेपर्यंत भरा आणि १००० किमीनंतर परत तसंच चेक करा, मॅन्युअलमधल्या लिमिटच्या आत असेल तर टेन्शन नको.

जास्त जात असेल तर आधी लीक शोधा, व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट (इंजिनच्या वरच्या झाकणाचं सील), ड्रेन प्लग (खालचा ऑइल काढायचा बोल्ट), ऑइल फिल्टर. बाहेर कुठेच ओलं नाही म्हणजे बहुतेक ऑइल आत जळतंय, मग सायलेन्सरकडे लक्ष द्या. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत असेल तर पिस्टन रिंग किंवा टर्बोवर संशय घ्या.

पण कृपया आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साचणारा गॅस परत इनटेकमध्ये सोडणारा) बघा, स्वस्त पार्ट आहे आणि तो जाम झाला तरी ऑइल जातं! पेट्रोल गाडी असेल तर मग कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती प्रेशर तयार होतं ते मोजणं), प्रेशर कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून टेस्ट परत घ्या, प्रेशर वाढलं तर रिंग गेल्यात.