यजमानपदाच्या खर्चाचा आकडा कसा तपासावा

ऑलिंपिक, फुटबॉलचा विश्वचषक किंवा राष्ट्रकुल स्पर्धा यांचे यजमानपद मागायचे एखाद्या शहराने ठरवले की लगोलग खर्चाचा एक आकडा जाहीर होतो आणि पुढची सारी चर्चा त्याच्याभोवती फिरू लागते. तो आकडा खोटा असतोच असे नाही, पण बहुधा अपुरा असतो, आणि तो नेमका कुठे अपुरा आहे हे ओळखण्यासाठी अर्थतज्ज्ञ असावे लागत नाही. कोणते प्रश्न विचारायचे हे माहीत असले की कोणत्याही करदात्याला ही तपासणी करता येते. मात्र ती करारावर सही होण्याआधी व्हायला हवी, कारण त्यानंतर माघार घेण्याची किंमतही करदात्यालाच मोजावी लागते.

सर्वांत आधी, जाहीर झालेला आकडा कोणत्या वहीतला आहे हे विचारावे. अशा आयोजनाच्या साधारणपणे तीन वह्या असतात. पहिली आयोजन समितीची : कर्मचारी, खेळाडूंची ने-आण, तात्पुरती आसने, उद्घाटन सोहळा. हा खर्च तिकिटे, प्रायोजक आणि आंतरराष्ट्रीय संघटनेकडून मिळणारा हिस्सा यांतून बऱ्याच अंशी भागतो. दुसरी वही बांधकामांची, म्हणजे स्टेडियम, तरणतलाव आणि क्रीडाग्राम यांची. तिसरीत रस्ते, रेल्वे, विमानतळ, पोलीस बंदोबस्त अशा गोष्टी येतात आणि त्यांचा भार मुख्यतः सरकारी तिजोरीवर पडतो. ‘स्पर्धा नफ्यात गेली’ असे सांगितले जाते तेव्हा ते सहसा फक्त पहिल्या वहीबद्दल खरे असते. पॅरिसच्या 2024 च्या आयोजन समितीकडे काही कोटी युरोंची शिल्लक राहिली. त्याच स्पर्धेवर झालेला सार्वजनिक खर्च मात्र फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने जून 2025 च्या अहवालात सुमारे 590 कोटी युरो इतका मोजला. दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती वेगवेगळ्या वह्यांमधली आहेत.

हाच नियम अवाढव्य आकड्यांनाही लावावा. रशियातील सोची येथील 2014 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी सांगितल्या जाणाऱ्या सुमारे 5,100 कोटी डॉलरांमध्ये समुद्रकिनाऱ्यापासून क्रास्नाया पोल्याना या डोंगरी भागापर्यंत नेलेला रस्ता आणि रेल्वेमार्ग यांचा मोठा वाटा आहे. कतारच्या 2022 च्या विश्वचषकासंदर्भात 20,000 कोटी डॉलरांहून मोठा आकडा दिला जातो, त्यात दोहाची मेट्रोही धरलेली आहे. हे आकडे केवळ आयोजन समितीच्या खर्चाशेजारी ठेवून तुलना करणे अन्यायाचे ठरते. तसेच, ‘मेट्रो तर कधीतरी होणारच होती’ एवढे म्हणून तिसरी वही बाजूला सारणेही योग्य नाही. ते काम स्पर्धेमुळे घाईने आणि महागात झाले का, तसेच त्यासाठी दुसरे कोणते काम मागे पडले, हे विचारायलाच हवे.

यानंतर आकड्यात काय धरलेले नाही ते शोधावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा आणि त्यासाठी लंडनचे उदाहरण बारकाईने पाहावे. 2005 मध्ये यजमानपद मिळवताना लंडनने सार्वजनिक निधीची गरज सुमारे 240 कोटी पौंड असल्याचे सांगितले होते. मार्च 2007 मध्ये सुधारित अंदाजपत्रक आले ते 932.5 कोटी पौंडांचे. मधल्या दोन वर्षांत कोणीही नवा महाल बांधायला काढलेला नव्हता. मूल्यवर्धित कराचे सुमारे 84 कोटी, व्यापक सुरक्षा व्यवस्थेचे 60 कोटी आणि अनपेक्षित खर्चासाठीचा सुमारे 270 कोटींचा राखीव निधी या रकमा आता त्यात धरल्या गेल्या होत्या, आणि खासगी क्षेत्राकडून येईल असे गृहीत धरलेला पैसा बहुतांशी आलाच नव्हता. शेवटी खर्च सुमारे 877 कोटींवर थांबला आणि तो ‘अंदाजपत्रकापेक्षा कमी’ म्हणून जाहीर झाला. 2007 च्या आकड्याशी ताडून पाहिले तर हे विधान बरोबर आहे, परंतु लोकांसमोर पहिल्यांदा ठेवलेल्या आकड्याशी ताडले तर खर्च साडेतीन पटींहून अधिक झाला. म्हणून बचतीचा दावा ऐकला की ती कोणत्या तारखेच्या अंदाजाशी तुलना करून काढली आहे, हे न चुकता विचारावे. जाहीर रकमेत कर धरले आहेत का, राखीव निधी किती टक्के आहे, आणि रक्कम आजच्या किमतींवर आहे की स्पर्धेच्या वर्षी अपेक्षित असलेल्या किमतींवर, हे तीन प्रश्नही सोबत असावेत.

सुरक्षेचा खर्च मात्र वेगळा काढून पाहावा, कारण तो शेवटच्या वर्षभरात वाढतो. लंडनमध्ये केवळ स्पर्धास्थळांच्या सुरक्षेची तरतूद डिसेंबर 2011 मध्ये 28.2 कोटींवरून 55.3 कोटी पौंडांवर न्यावी लागली होती.

खर्च वाढतो तो केवळ गैरव्यवहारामुळे, असा समज असतो. त्याहून खोल कारण हे की अशा प्रकल्पाची तारीख हलत नाही. एरवी पूल किंवा रुग्णालय रखडले तर मुदत वाढवता येते, ठेकेदाराशी घासाघीस करता येते. उद्घाटनाचा दिवस ठरलेला असला की उशीर भरून काढण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो म्हणजे अधिक पैसा. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या मोजणीनुसार 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकचा क्रीडाविषयक खर्च मूळ अंदाजापेक्षा 720 टक्क्यांनी वाढला होता. संप आणि उशीर यांमुळे मुख्य स्टेडियमचा मनोरा व छत स्पर्धेपर्यंत पूर्ण झालेच नाहीत, आणि त्या स्पर्धेचे कर्ज तंबाखूवरील कराच्या साहाय्याने 2006 मध्ये फिटले. स्पर्धेनंतर जन्मलेली एक पूर्ण पिढी ते फेडत मोठी झाली.

आता व्याप्ती तपासावी. जितक्या जागा, जितकी स्टेडियम, तितका खर्च हे उघड आहे. पण ही संख्या कोणी ठरवली हे सहसा विचारले जात नाही. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी फिफा या जागतिक संघटनेची सर्वसाधारण सामन्यांना सुमारे 40 हजार, उपांत्य सामन्यांना 60 हजार आणि अंतिम सामन्याला 80 हजार आसनांची अपेक्षा असते. 2022 मध्ये 32 संघ आणि 64 सामने होते. 2026 साठी 48 संघ आणि 104 सामने ठरले आणि ते तीन देशांतील 16 शहरांत वाटावे लागले. संघटनेच्या मागणीपलीकडे यजमानाची हौसही असते. ब्राझीलने 2014 मध्ये कमी स्टेडियमांत भागत असताना 12 घेतली. त्यांपैकी ॲमेझॉनच्या जंगलातील मनौस येथील 40 हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियमवर विश्वचषकाचे फक्त चार सामने झाले आणि त्या शहरात पहिल्या श्रेणीत खेळणारा एकही क्लब नव्हता.

म्हणून प्रत्येक नव्या बांधकामापुढे एक नाव लिहायला सांगावे : स्पर्धा संपल्यावर हे कोण वापरणार आणि देखभाल कोणाच्या पैशाने होणार? ‘बहुउद्देशीय वापर’ हे उत्तर मान्य करू नये. मँचेस्टरने 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी स्टेडियम बांधताना ते पुढे कोणत्या फुटबॉल क्लबला द्यायचे हे आधीच निश्चित केले होते. स्पर्धेनंतर धावपट्टी काढून मैदान खाली खोदले गेले आणि आसनक्षमता 38 हजारांवरून सुमारे 48 हजारांवर गेली. लंडनने हा निर्णय नंतर घेतला. परिणामी ऑलिंपिक स्टेडियमचे फुटबॉलसाठी रूपांतर करण्यास 32.3 कोटी पौंड लागले, तर तेथे खेळणाऱ्या क्लबचे वार्षिक भाडे सुमारे 25 लाख पौंड ठरले. या दोन रकमा शेजारी ठेवल्या की पांढरा हत्ती कसा जन्माला येतो ते कळते.

उत्पन्नाच्या बाजूला पर्यटनाचे आकडे फुगवलेले असतात. स्पर्धेसाठी येणारे प्रेक्षक मोजले जातात, पण गर्दी आणि महागाई टाळण्यासाठी न आलेले प्रवासी मोजले जात नाहीत. ऑगस्ट 2012 मध्ये ब्रिटनला भेट देणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे 5 टक्क्यांनी कमी होती. आलेल्यांनी खर्च मात्र जास्त केला, हेही नोंदवायला हवे. विश्वचषकाच्या प्रक्षेपण हक्कांचे पैसे तर यजमानाचे नसतातच, ते फिफाकडे जातात. 2019 ते 2022 या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न सुमारे 750 कोटी डॉलर होते.

शेवटी हमीपत्र वाचावे. तूट आली तर ती कोण भरणार, याचे उत्तर त्यात असते आणि ते बहुतेक वेळा ‘यजमान शहर किंवा सरकार’ असेच असते. लॉस एंजेलिसने 1984 साठी ही अट नाकारली, कारण शहराच्या पैशाने तूट भरू नये असा कौल मतदारांनी 1978 मध्ये दिला होता आणि समोर दुसरा उमेदवारच नसल्याने ऑलिंपिक समितीला ते मान्य करावे लागले. जुनी मैदाने वापरून ती स्पर्धा 20 कोटी डॉलरांहून अधिक शिलकीत गेली. याउलट ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धा स्वीकारल्या तेव्हा 260 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज होता. जुलै 2023 मध्ये, खर्च 600 कोटींपलीकडे जाईल असे सांगत सरकारने माघार घेतली आणि 38 कोटी डॉलर भरपाई दिली. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी न झालेल्या या स्पर्धेचा एकूण खर्च 58.9 कोटींहून अधिक मोजला, शिवाय माघारीच्या वेळी सांगितलेला वाढीव आकडाही फुगवलेला असल्याचे नोंदवले. कॅनडातील कॅलगरीच्या नागरिकांनी 2026 च्या हिवाळी ऑलिंपिकबाबतचा आपला नकार 2018 मध्ये, यजमानपदाचा निर्णय होण्याआधीच, मतपेटीतून कळवला होता.