वाईनला आनंदाचे गुण देताय? मग या चुका टाळा

वाईन चांगली आहे की नाही, याचं उत्तर लोक बाटलीवरच्या पदकात शोधतात, नाहीतर कुणीतरी दिलेल्या नव्वद-ब्याण्णव गुणांत. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: या वाईनने मला आनंद दिला का, आणि दिला असेल तर तो वाईननेच दिला का? पहिल्या अर्ध्याचं उत्तर कुणीही देईल. दुसऱ्या अर्ध्यात मात्र भलेभले फसतात.

दुसऱ्याचे गुण आधी वाचणं

शंभर गुणांची पद्धत रूढ केली अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी. १९७८ मध्ये त्यांनी स्वतःची पत्रिका सुरू केली आणि तिच्यातून हे आकडे जगभर गेले. पण परीक्षक तरी स्वतःशी किती ठाम असतात? कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या वाईन स्पर्धेत वाईन उत्पादक रॉबर्ट हॉजसन यांनी हेच तपासलं. एकाच बाटलीतली वाईन त्यांनी न सांगता त्याच परीक्षकांपुढे तीनदा ठेवली. दर दहा परीक्षकांत जेमतेम एकाचे गुण तिन्ही वेळा जवळपास सारखे आले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी लोकांचं मत वाचू नये असं मी म्हणत नाही, वाचा, फक्त आपलं मत कागदावर उतरवून झाल्यावर.

किंमत बघून पिणं

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसांना एकच वाईन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. महागडी म्हणून दिलेली त्यांना जास्त आवडली. ते दिखावा करत नव्हते. मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी संबंधित भाग तेव्हा अधिक जागा झालेला दिसला. म्हणजे आनंद खरा होता, पण तो किमतीच्या चिठ्ठीतून आला होता. यावर उपाय सोपा आहे. घरातल्या कुणाला तरी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून ओतायला सांगा. पहिल्या ग्लासचे गुण लिहा आणि मगच कागद सोडा. सातशेची बाटली दोन हजारांच्या बाटलीपुढे गेली तर तसंच लिहून ठेवा.

सहलीचे गुण बाटलीला देणं

नाशिकला जाऊन आलेल्यांची ठरलेली तक्रार असते: "तिथे काय मस्त लागली होती, घरी आणली तर काहीच नाही." अशा वेळी बाटलीवर संशय घेण्याआधी तिथली संध्याकाळ आठवून बघा. नाशिकच्या द्राक्षांची तोडणी युरोपसारखी सप्टेंबर-ऑक्टोबरात होत नाही, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. पर्यटकांची गर्दीही तेव्हाच. गार हवा, समोर गंगापूर धरणाचं पाणी, सोबत मित्र, सुट्टीचा दिवस. टेस्टिंगमध्ये, म्हणजे वाईन चाखायला देतात तेव्हा, ओळीने पाच-सहा वाईन येतात: आधी बुडबुड्यांची स्पार्कलिंग, मग व्हाइट, गुलाबी रोझे, रेड आणि शेवटी गोड डेझर्ट वाईन. ती शेवटची गोड वाईन बहुतेकांना सगळ्यात जास्त आवडते. एक तर ती गोड असते, आणि तोवर आधीच्या सगळ्या पोटात गेलेल्या असतात.

तिथेच बारा बाटल्यांची पेटी उचलू नका. आवडलेल्या दोन वाईनची एकेक बाटली घ्या आणि एखाद्या साध्या मंगळवारी घरी उघडा. मंगळवारीही दुसरा ग्लास भरावासा वाटला, तर ती तुमची वाईन. सहलीचा आनंद खोटा नव्हता, तोही वहीत लिहा, पण वेगळ्या रकान्यात.

गरम रेड, बर्फगार व्हाइट

आपल्याकडे वाईन नावडती होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि ते सुधारायला पैसाही लागत नाही. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, म्हणजे साधारण १६ ते १८ अंशांचा. मे महिन्यात ठाण्याच्या किंवा नागपूरच्या खोलीत ३३-३४ अंश असतात. त्या उष्णतेत शिराझसारख्या रेडमधलं अल्कोहोल आधी नाकाला झोंबतं आणि फळाचा वास मागे पडतो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून तीच शिराझ पुन्हा ओता.

व्हाइटचं उलट होतं. नाशिकची शेनिन ब्लाँ फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर नुसता गारवा आणि आंबटपणा जाणवतो, वास जवळजवळ नाहीच. ग्लास पंधरा मिनिटं टेबलावर राहू द्या. आधी हिरव्या सफरचंदासारखं काहीतरी येतं, मग पेरूचा वास मोकळा होतो, आणि पहिल्या घोटाला बोचलेला आंबटपणा जिभेवर रसाळ वाटू लागतो. पहिल्याच घोटाला गुण देऊन मोकळे झालेल्यांना हे कळतच नाही. ८ ते १० अंशांवर सुरुवात करा आणि गुण अर्धा ग्लास संपल्यावर द्या.

बिघडलेल्या बाटलीला 'नावडती' म्हणणं

बूच असलेल्या बाटलीला पावसात भिजून कपाटात पडलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर तो त्या वाईनचा स्वभाव नाही. टीसीए नावाच्या रसायनाने बूच बाधलं की असं होतं. ही बाधा सौम्य असली तर पुठ्ठ्याचा वासही जाणवत नाही, फक्त फळ मुकं होतं आणि वाईन निर्जीव लागते. एप्रिलमध्ये बंद गाडीत राहिलेल्या बाटलीचं लक्षण वेगळं: बूच किंचित वर आलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, चव शिजवलेल्या फळाची. दोन्ही बाबतींत गुण देऊ नका, दुसरी बाटली मिळवा. हॉटेलात असाल तर वेटरला स्पष्ट सांगा, सुरुवातीला घोटभर ओतून दाखवतात ते त्यासाठीच.

ठेच्यासोबत तुरट रेड

तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि रेडचा तुरटपणा कडक होतो. तांबड्या रश्शासोबत कॅबर्ने पिऊन तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे किंचित गोडसर, गार शेनिन किंवा रोझे घ्या. श्रीखंडावर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाईन घेतली तर ती आंबटढाण लागणारच. आणखी एक गोष्ट: फोडणी, उदबत्ती आणि मोगऱ्याचा गजरा यांच्यासमोर कुठलीच नाजूक व्हाइट टिकत नाही. गुण द्यायचेच असतील तर स्वयंपाकघरापासून लांब बसा.

चढल्यावर लिहिणं

वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. दुसऱ्या ग्लासनंतर जे हलकं, मोकळं वाटतं, ते कुठल्याही बाटलीने वाटलं असतं. म्हणून गुण पहिल्या ग्लासवरच द्या. अनेक वाईन चाखायच्या असतील तर घोट तोंडात घोळवून थुंका. टेस्टिंगच्या टेबलावरचं भांडं त्यासाठीच असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शंभर गुणांचा हिशेब घरी लागत नाही. मला तीन पायऱ्या पुरतात: 'चालेल', 'पुन्हा आणेन' आणि 'ही आठवत राहील'. शेजारी तारीख, सोबत कोण होतं, काय खाल्लं आणि बाटली किती गार होती, एवढं लिहा. उरलेली बाटली, रेड असली तरी, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस ती बहुधा नीट राहते. दुसऱ्या दिवशी, आदल्या रात्रीच्या गप्पा आणि पाहुणे नसताना, तिचा छोटा ग्लास पुन्हा घ्या आणि रेड असेल तर आधी थोडी बाहेर राहू द्या. तेव्हा लिहिलेली पायरी कालच्या पायरीपेक्षा खाली आली, तर आजची धरा.