ब्रीचेस बॉयचं मॉडेल घरी कसं करायचं, आमचं बुडालेलं बघून घ्या

भाच्याच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन होतं अन् दरवर्षी तेच ज्वालामुखी, तीच पवनचक्की, म्हणून मी म्हटलं यावेळी समुद्रातला रेस्क्यू करू, ब्रीचेस बॉयचा, म्हणजे फुटलेल्या जहाजावरून माणूस दोरखंडाला लटकवलेल्या ट्यूबमध्ये बसवून किनाऱ्यावर ओढायचा (बॉय म्हणजे इथं ट्यूब, पोरगा नाही). ताई म्हणे नागपुरात कुठला समुद्र बाप्पा, अंबाझरी तेवढा आहे. पण रेती तर आहे ना, कन्हानची, गल्लीत कोणाचं ना कोणाचं बांधकाम चालूच असते.

आधी ओरिजिनल समजून घ्या, नाहीतर पोट्टं एक्झामिनरसमोर अडकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यासमोर रेतीच्या चिंचोळ्या बेटांची रांग आहे, त्यातलंच पी आयलंड. तिथं जहाजं रुतून फुटायची म्हणून सरकारचं लाइफ-सेव्हिंग स्टेशन होतं. १८८० मध्ये रिचर्ड एथरिज तिथला कीपर, म्हणजे प्रमुख झाला. जन्म गुलामीतला, सिव्हिल वॉरमध्ये लढलेला, अन् त्याची सगळी टीम काळ्या माणसांची, त्या अख्ख्या सर्व्हिसमध्ये असं एकच स्टेशन. काही महिन्यांतच इमारत जळाली, तरी पुन्हा बांधून गडी ड्रिल घेतच राहिला. दोरखंड लावून माणूस ५ मिनिटांच्या आत ओढून आणायचा, असा हिशोब होता.

सामान घरचंच. मोठा टब, अर्धा टब रेती, थर्माकोलचं जहाज (खाली दगड बांधा, नाहीतर ओढल्यावर जहाजच किनाऱ्याला येते), डोलकाठीला बांबूची कमची, पुलीला दोऱ्याचं रिकामं रीळ, जाड दोराला पायजाम्याचा नाडा, आणि बॉयला एक बांगडी जिच्यात जुन्या मोज्याची छोटी चड्डी शिवायची, कारण खरा ब्रीचेस बॉय म्हणजे ट्यूबमध्ये कॅनव्हासची चड्डीच.

खऱ्यात लाइल गन नावाची छोटी तोफ बारीक दोरी जहाजावर फेकायची. दोरी गुंतू नये म्हणून पेटीत खुंट्यांवर नागमोडी रचून ठेवायचे. आपण तोफ पुठ्ठ्याची, दोरी हातानेच टाकायची. त्या दोरीने जहाजावरचे लोक पुली ओढून घेत अन् डोलकाठीला बांधत, सोबत एक पाटी जायची, काय करायचं ते एका बाजूने इंग्रजीत अन् दुसऱ्या बाजूने फ्रेंचमध्ये. भाच्याने एका बाजूने मराठी, एका बाजूने हिंदी लिहिलं. रिळातून दोरा फिरवून दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणा अन् गाठ मारा, म्हणजे बांगडी जाते अन् येते. नाडा पुलीच्या जरा वर बांधा, किनाऱ्याकडे दोन पेन्सिलींच्या फुलीवरून घ्या म्हणजे तो उंच राहतो, बांगडी त्यावर लटकवा.

आता अँकर, म्हणजे नाड्याचं किनाऱ्याकडचं टोक रेतीत धरून ठेवते ते. आम्ही आइस्क्रीमची काडी सुक्या रेतीत नुसती उभी खोचली. बाहुला बसवला, ओढला, काडी फटकन निघाली अन् बाहुला डोक्यावर पाण्यात. शेजारची पोरं हसून हसून लोळली. दोन काड्यांची फुली करायची, मध्यभागी नाडा बांधायचा, चार बोटं खोल पुरायची अन् वरून ओली रेती दाबायची. खरा सँड अँकरही दोन फळ्यांची फुलीच होता.

फसल्यावर भाचा म्हणे, मामा, रेतीच वाहून गेली तर? अरे तेच तर झालं होतं! ११ ऑक्टोबर १८९६ ला वादळात ई. एस. न्यूमन नावाचं जहाज फुटलं, टीममधल्या थिओडोर मीकिन्स नावाच्या सर्फमनला (लाटांत उतरून वाचवणारा गडी) सिग्नल दिसला, टीम सामान ओढत पोचली तर किनाऱ्यावर पाणीच पाणी, अँकर पुरायला जागाच नाही. तोफ निकामी. मग एथरिजने दोन-दोन माणसं एकमेकांना बांधली, कमरेची लांब दोरी किनाऱ्यावरच्यांच्या हातात, अन् ते पोहत गेले, एकेकाला घेऊन आले, मग दुसरी जोडी. ९ जण वाचले, त्यात कॅप्टनची बायको अन् लहान पोरगा. गोल्ड मेडल मिळालं १९९६ मध्ये. शंभर वर्षांनी. एथरिज १९०० मध्येच गेला होता, आता काय बोलायचं.

म्हणून डेमो दोनदा करा. आधी नीट पुरलेल्या अँकरवर बाहुला आणा, मग मगभर पाणी रेतीवर ओता, अँकर सुटू द्या, अन् एकत्र बांधलेले दोन बाहुले दोरीने सोडा. गर्दी दुसऱ्यालाच होते. सोबत जुना टॉवेल अन् सुक्या रेतीची थैली न्या, नाहीतर तिसऱ्या डेमोला फुली धरतच नाही.